गरीब शब्दाचे मूळ गाव

शाळामास्तराला वर्षातून एकदोनदा न्यायाधीश व्हावे लागते. परीक्षा संपतात, गुणांची बेरीज-वजाबाकी होते आणि मग प्रगतिपुस्तकातला तो एक अरुंद रकाना उरतो : 'स्वभाव'. पन्नास मुलांचे पन्नास स्वभाव त्या बोटभर जागेत मावावेत अशी अपेक्षा असते. मास्तरही माणूसच. रात्री उशिरापर्यंत बसून तो ठरलेली पाच-सहा विशेषणे आळीपाळीने वाटत सुटतो. हुशार, खोडकर, मनमिळाऊ, आळशी आणि गरीब. माझे निम्मे आयुष्य ही विशेषणे वाटण्यात गेले आहे, आणि त्यांतले 'गरीब' हे मी सर्वांत सढळ हाताने वाटले आहे. जो मुलगा त्रास देत नाही, प्रश्न विचारत नाही, मारले तरी मारत नाही, तो गरीब. मास्तरांचा आवडता मुलगा!

असेच एका वर्षी मी एका मुलाच्या नावापुढे 'गरीब' लिहिले. त्याचा बाप मेळघाटातून कापसाच्या हंगामात आमच्या वर्धा जिल्ह्यात जिनिंगच्या कामावर आला आणि हंगाम संपला तरी इथेच राहिला. घरची भाषा कोरकू. मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसे आणि हजेरीच्या वेळी एकदा 'हजर' म्हणे, तेवढाच त्याचा आवाज मला ठाऊक. प्रगतिपुस्तकावर सही करून बाप ते परत द्यायला स्वतः आला. दारातच उभा राहिला.

"गुर्जी, आमी गरीब हाओ, हे काई लपेल नाई. पन थे पैशाची गोठ हाये. पोराच्या सोभावात गरीब कायले लिवलं जी?"

मी हसून म्हणालो, "अहो, गरीब म्हणजे शांत. मी चांगलेच लिहिले आहे."

"थो शांत नाई जी. घरी तं कोनाले बोलूच देत नाई. इथं त्याचं कोनी नाई, म्हून गप रायते."

इतके बोलून त्याने हात जोडले आणि तो पाळीवर निघून गेला. मी मात्र त्या प्रगतिपुस्तकाकडे पाहत बसलो. इतकी वर्षे मी जो शब्द वाटत आलो, त्याचा अर्थ तरी मला ठाऊक होता काय? मी पंडित नव्हे; मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि पुस्तकांची आवड एवढेच माझे भांडवल. पण त्या दिवसापासून 'गरीब' या शब्दाच्या मागे लागलो, आणि त्याने मला कुठल्या कुठे हिंडवून आणले! त्या भ्रमंतीची हकीकत दिवाळीच्या निवांतपणी वाचकांना सांगावी असे मनात आहे.

प्रथम आपल्या घरातच पाहू. मराठीत 'गरीब' या शब्दाचे दोन संसार आहेत. एक पैशाचा : गरीब माणूस, गोरगरीब, गरिबी. दुसरा स्वभावाचा : गरीब गाय, गरीब सून, गरीब बिचारा. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली; त्यातही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. निर्धन तो गरीब, आणि नम्र, निरुपद्रवी तोही गरीब. मग तो माणूस असो की जनावर. दोन्ही अर्थांच्या मध्ये एक दार आहे, आणि ते आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की आपण या खोलीतून त्या खोलीत केव्हा गेलो हे कळतही नाही. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने आवाज चढवू नये, ही समजूत त्या दाराची चौकट आहे. 'गरिबाने खपावे, धनिकाने चाखावे' ही म्हण तर तिथेच टांगलेली आहे.

हे दार मला दाखवले ते एका परदेशी मुलीने. वर्ध्याला १९९७ साली महात्मा गांधींच्या नावाने आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय निघाले. तिथे देशोदेशींची मुले हिंदी शिकायला येतात आणि सुट्टीच्या दिवशी सेवाग्रामला बापूकुटी पाहायला जातात. मी मुलांची सहल घेऊन तिथे गेलो असता स्पेनची एक विद्यार्थिनी भेटली. हिंदी चांगली बोलत होती. रस्त्यावर एक गाय आडवी उभी होती, ती पाहून ही थबकली. मी तिला धीर देण्यासाठी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणालो, "डरो मत, गाय गरीब है।"

ती खो खो हसू लागली. "गाय गरीब? म्हणजे इथल्या काही गायी श्रीमंतही असतात का?"

मी तिला मराठीतला तो दुसरा अर्थ समजावून सांगितला. त्यावर ती जरा गंभीर झाली. म्हणाली, "आमच्याकडे उलट झाले. आमच्या भाषेत 'मेस्किनो' असा एक शब्द रोजच्या वापरात आहे. फार जुन्या काळी त्याचा अर्थ गरीब, दीनवाणा असा होता. आता त्याचा अर्थ कंजूस, कोत्या मनाचा, क्षुद्र. तुम्ही गरिबाला गाय केलेत, आम्ही त्याला हलकट केले!"

हा 'मेस्किनो' मूळचा स्पेनचा नव्हेच. इ. स. ७११ साली अरब सेना जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या, आणि १४९२ साली ग्रानादा पडेपर्यंत त्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागावर मुसलमानी सत्ता होती. आठशे वर्षांच्या सहवासात हजारो अरबी शब्द स्पॅनिशमध्ये मुरले, त्यांतलाच हा एक. अरबीतला 'मिस्कीन' म्हणजे निर्धन, दीन. कुराणात दानधर्म कोणाला द्यावा याची जी यादी आहे, तिच्यात फकिरांच्या पाठोपाठ या मिस्कीनांचे नाव येते. तोच मिस्कीन फार्शीच्या बोटाला धरून मराठीतही आला. 'अगदी मिस्कीन माणूस' असे जुन्या पिढीतले लोक म्हणत, आणि त्यांच्या मनात येई तो अर्थ पुन्हा आपल्याच वळणाचा : दीन, गरीब स्वभावाचा.

मिस्कीनाचे कूळ तर याहूनही जुने आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कायदे कोरून ठेवले. त्यांत प्रजेचे तीन थर आहेत. वर प्रतिष्ठित नागरिक, खाली गुलाम, आणि मध्ये 'मुश्केनुम' नावाचा सामान्य माणूस. मोडलेले हाड वैद्याने बसवले तर प्रतिष्ठिताने पाच शेकेल चांदी द्यावी, मुश्केनुमने तीन आणि गुलामाच्या धन्याने दोन, असा दर ठरवून दिला आहे. हाच मुश्केनुम अरबीत मिस्कीन झाला, स्पेनमध्ये मेस्किनो झाला, फ्रान्स-इटलीतही गेला. बाबिलोनमध्ये त्याचे हाड स्वस्तात बसत होते. युरोपात पोचेपर्यंत त्याचे नावच शिवी होऊन बसले. गरिबाला नाव ठेवायचे आणि मग त्या नावालाच नावे ठेवायची, ही माणसाची फार जुनी खोड दिसते.

पण मला हवा होता तो 'गरीब'. तोही अरबीच, मात्र त्याचे मूळ गाव निराळे. अरबीत ग-र-ब या तीन वर्णांच्या धातूत दूर जाणे, मावळणे असा भाव आहे. सूर्य जिकडे निघून जातो ती पश्चिम दिशा म्हणजे 'गर्ब'. मावळतीची नमाज ती मगरिबची नमाज. मोरोक्को देशाचे अरबी नावच 'अल-मगरिब'. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाच्या प्रांताला अरबांनी 'अल-गर्ब' म्हटले, त्याचे पुढे 'अल्गार्व्ह' झाले, आणि पोर्तुगालचे राजे आपल्या बिरुदात 'पोर्तुगाल आणि अल्गार्व्ह यांचे राजे' असे लिहू लागले. म्हणजे गोव्यावर ज्यांनी शतकानुशतके राज्य केले, त्यांच्या राजमुकुटात आपल्या 'गरिबा'चा एक सख्खा भाऊ जडवलेला होता. आहे की नाही गंमत?

जो आपल्या घरापासून दूर गेला, मावळतीच्या सूर्यासारखा आपल्या माणसांच्या नजरेआड झाला, तो 'गरीब'. म्हणजे परका, परमुलखी, उपरा. पैशाचा यात काही संबंध नाही. अरबी भाषेत आजही गरीब म्हणजे परका किंवा विचित्र. इराणातही गरीब म्हणजे परदेशी, एकाकी. शियांचे आठवे इमाम रझा मदिनेचे; पण त्यांचा अंत दूर खुरासानात झाला आणि मशहदला त्यांची समाधी आहे. इराणी भाविक त्यांना प्रेमाने 'इमामे गरीब' म्हणतात, ते ते निर्धन होते म्हणून नव्हे, घरापासून दूर गेले म्हणून. आपल्याकडे हिंदीत 'अजीबोगरीब' या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'अजीबोगरीब किस्सा' म्हणजे चमत्कारिक, न ऐकलेला किस्सा. त्यातल्या 'गरीब'कडे पाहून कोणी खिशात हात घालत नाही.

हा परका अर्थाचा गरीब महाराष्ट्रात आला तेव्हा तर तो चक्क श्रीमंत होता. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले आणि दक्षिणेच्या दरबारात इराण, अरबस्तान, मध्य आशिया अशा दूरदूरच्या मुलखांतून सरदार, व्यापारी, विद्वान येऊ लागले. इथे आधीपासून स्थायिक झालेले ते 'दखनी', आणि हे नवे आलेले ते 'आफाकी' किंवा 'गरीब'. विजापुरात बसून इतिहास लिहिणारा फिरिश्ता आणि निजामशाहीच्या आश्रयाने लिहिणारा तबातबाई, दोघेही या परदेशी अमीर-उमरावांना हाच शब्द लावतात. हत्तीवरून हिंडणारे, हजारो स्वार पदरी बाळगणारे हे गरीब! दखनी आणि गरीब यांच्या वैराने बहामनी राज्य आतून पोखरले. पंधराव्या शतकाच्या मध्यावर सरदार खलफ हसन कोकणच्या रानात शिर्क्यांवर चालून गेला आणि तिथेच फौजेसह कापला गेला. जे परदेशी सैनिक वाचले ते चाकणच्या किल्ल्यात येऊन राहिले. दखनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, हे लोक फितूर आहेत अशी समजूत करून दिली आणि चाकणला या गरिबांची कत्तल करवली. पुढे इराणातल्या गीलानहून आलेला महमूद गावान बहामनींचा वजीर झाला. मोठा कर्तबगार, बिदरला त्याने बांधलेली मदरशाची इमारत आजही पाहायला मिळते. त्यालाही खोट्या पत्राच्या पुराव्यावरून १४८१ साली सुलतानाने मारवले. हा गावान धनवान होता, पण शेवटपर्यंत गरीबच होता. ज्याच्या बाजूने उभे राहायला गावातले कोणी नाही, तो गरीब!

मग हा परका निर्धन केव्हा झाला? अमुक एका दिवशी झाला असे होत नाही. शब्द हे नदीच्या पात्रासारखे हळूहळू सरकतात. पण कसे सरकले असावे हे समजायला कठीण नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाला ना शेत, ना सोयरा, ना जामीन. हातात कसब नसेल तर त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. आपल्या मराठीतही हे झालेच आहे की! 'परदेशी' या शब्दाचा सरळ अर्थ दुसऱ्या मुलखाचा. पण आपल्या आज्या 'मी परदेशी झाले गं' म्हणत तेव्हा त्यांना निराधार झाले असे म्हणायचे असे. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती स्वतः दूर सीस्तानातून हिंदुस्थानात आले आणि १२३६ साली इथेच देह ठेवते झाले. त्यांना लोक 'गरीबनवाज' म्हणतात. या एका शब्दात परक्याला जवळ करणारा आणि निर्धनाला पोसणारा, हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे मिसळले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. हिंदुस्थानात पुढे दुसऱ्या अर्थाने पहिल्याला झाकून टाकले.

आमच्या जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला जातात. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे, कुठे त्याहून मोठे असे गोल गोल दगड विखुरलेले असतात. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, हे ज्वालामुखीच्या खडकातल्या पोकळ्यांत जमलेले खनिज. लोक मात्र निराळी कथा सांगतात. इथे एक फकीर येऊन बसला होता. मालाने लादलेले बैल घेऊन व्यापारी चालले होते, त्यांनी त्या उपऱ्या फकिराची टिंगल केली, आणि त्यांच्या गोण्यांतल्या नारळ-सुपाऱ्यांचे दगड झाले. सहलीला नेलेली मुले खिसे भरभरून ते दगड आणतात. मीही लहानपणी आणले आहेत. या कथेत शिक्षा कशाची आहे, याचा विचार मात्र मी परवापरवापर्यंत केला नव्हता. परक्याला हसल्याची ती शिक्षा आहे.

आता कोणी म्हणेल, शब्द अरबी, आला फार्शीतून, मग तो मराठीत ठेवलाच कशाला? हा वाद आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि त्यात दरबारी फार्शी शब्दांना सुमारे १,४०० संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात भाषाशुद्धीची चळवळ उभारली. कवी माधव जूलियन यांची कथा तर विलक्षण. पेशाने फार्शीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. तेच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले, १९३६ साली जळगावच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहून बसले. एकाच माणसाच्या हाताने परक्या शब्दांची जनगणनाही व्हावी आणि हद्दपारीची शिफारसही! या साऱ्या मंथनात 'तारीख' बरोबर 'दिनांक' आला, पुष्कळ नवे शब्द रुळले. पण 'गरीब' जागचा हलला नाही. का बरे?

माझ्या अल्पमतीला याचे कारण असे वाटते. गरिबाच्या जागी बसवायला जो संस्कृत शब्द हाताशी होता, त्याचे मराठीत भलतेच झाले होते. 'दरिद्री' म्हटले की मराठी माणसाला राग येतो. 'मेला दरिद्री लक्षणाचा!' यात पैशाचा हिशेब नाही, माणसाची निंदा आहे. म्हणजे स्पेनमध्ये मेस्किनोचे झाले तेच आपल्याकडे दरिद्र्याचे झाले. निंदा करायला दरिद्री शब्द खर्ची पडला आणि कणव दाखवायला जवळ काही उरले नाही. तेव्हा परमुलखातून आलेल्या 'गरीब' शब्दाने ती जागा भरून काढली. सरकारी कागदावर 'दारिद्र्यरेषा' असते. पण त्या रेषेखालचा माणूस आपली ओळख 'मी गरीब माणूस' अशीच करून देतो. १९७१ च्या निवडणुकीत 'गरिबी हटाव' ही घोषणा देशभर गाजली. 'दारिद्र्य निवारा' म्हटले असते तर ती गावच्या चावडीच्या पुढे सरकली नसती.

इथे मला सर्वांत मोठा अचंबा वाटला तो या 'दरिद्र' शब्दाच्या पोटात शिरल्यावर. संस्कृतज्ञ सांगतात की हा शब्द 'द्रा' म्हणजे धावणे या धातूपासून आला. पुन्हा पुन्हा इकडून तिकडे धावणारा, भटकणारा, तो दरिद्र. वेदातल्या ज्या रुद्राध्यायाचा पाठ आपण शंकराच्या देवळात अभिषेकाच्या वेळी ऐकतो, त्यात खुद्द रुद्रदेवतेला याच शब्दाने हाक मारलेली आहे. विचार करा, अरबस्तानातल्या वाळवंटात एक शब्द घडला आणि आर्यावर्तात दुसरा. दोघांचे कूळ वेगळे, लिपी वेगळी, दैवत वेगळे. पण उलगडून पाहिले तर दोहोंच्या आत एकच माणूस बसलेला : घर सुटलेला, रस्त्यावर चालणारा माणूस.

हे वाचले तेव्हा मला सेवाग्रामचा अर्थही नव्याने कळला. विवेकानंदांच्या तोंडचा 'दरिद्रनारायण' हा शब्द गांधीजींनी देशभर नेला. १९३६ च्या एप्रिलअखेर ते वर्ध्याहून शेगावात आले, तेव्हा त्या खेड्यात ते परकेच होते. भाषा गुजराती, रीत निराळी, अस्पृश्यता न मानणारी त्यांची मंडळी गावातल्या पुष्कळांना न रुचणारी. जमनालाल बजाजांची तिथे मालगुजारी होती, तरी धाक घालून काही करायचे नाही असे ठरवून हा परका मनुष्य मातीच्या भिंतींच्या घरात राहू लागला. विदर्भातच गजानन महाराजांचे दुसरे शेगाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. दोन्ही अर्थांनी गरीब होऊन गरिबांत जाणे म्हणजे काय, हे त्या कुटीच्या बुटक्या दारातून वाकून आत जाताना आता माझ्या ध्यानात येते. आणि त्या गावाच्या पलीकडे, धाम नदीच्या काठी पवनारला राहणारे विनोबा अरबी शिकले आणि त्यांनी कुराणातल्या वचनांचे सारसंकलन केले. परक्याची भाषा शिकणे हा त्याला आपला म्हणण्याचा पहिला मार्ग आहे, असे त्यांना वाटले असले पाहिजे.

असो. फार लांब गेलो. बाबिलोन झाले, ग्रानादा झाले, चाकण झाले. आता आमच्या शाळेत परत येतो.

हे सारे वाचून, टिपणे करून मी एके दिवशी त्या मुलाचे प्रगतिपुस्तक पुन्हा पुढ्यात घेतले आणि मला त्याच्या बापाचे वाक्य आठवले. 'इथं त्याचं कोनी नाई, म्हून गप रायते.' मी कोश धुंडाळून, पंडितांना विचारून, महिनोन्‌महिने खर्चून 'गरीब' शब्दाचा जो मूळ अर्थ शोधून काढला, तो त्या जिनिंगच्या मजुराने दारात उभ्या उभ्या एका वाक्यात सांगून टाकला होता! त्याचा मुलगा गरीब होताच. पण मी लिहिले त्या अर्थाने नव्हे. माझ्या वर्गात तो परका होता. कोरकूत विचार करणारे ते पोर माझ्या पुस्तकी मराठीत काय बोलणार होते? आणि त्याच्या गप्प राहण्याला मी सद्गुण समजून मोकळा झालो होतो. त्याचा परकेपणा मला सोयीचा होता, म्हणून मी त्याला चांगले नाव दिले. गाय गरीब आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती आपल्याला मारत नाही एवढेच आपण सांगत असतो; गायीला काय वाटते हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावले आणि म्हटले, "तुमच्या भाषेत आईला काय म्हणतात?" तो बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, "माय." वर्ग हसणार होता, पण त्याने पुढे बापाचा शब्द सांगितला, घराचा सांगितला, मग पाण्याचा, आणि बाकीची मुले ते शब्द आपल्या वहीत उतरवून घेऊ लागली. दहा मिनिटांनी मला त्याला गप्प करावे लागले. बाप खोटे बोलला नव्हता. पोरगा खरोखरच कोणाला बोलू देत नव्हता!

पुढल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी त्या रकान्यात लिहिले : 'पुष्कळ बोलतो. ऐकायला वर्ग लागतो.' वरिष्ठांनी त्यावर लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. मी ते तसेच राहू दिले.

आता दिवाळी आली आहे. आमच्याकडे सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू होते, जिनिंगचे पट्टे पुन्हा फिरू लागतात आणि दूरदूरच्या डोंगरांतून पोराबाळांसह माणसे येतात. गावाबाहेर त्यांच्या झोपड्या उभ्या राहतात. आपण त्यांना गरीब म्हणतो. म्हणू या, शब्द चांगला आहे, शेकडो वर्षे तो आपल्या घरात राहिला आहे. फक्त म्हणताना एवढे ध्यानात असू द्यावे की हा शब्द मुळात त्या माणसाची थैली मोजत नाही. तो इतकेच सांगतो की याचे घर दूर आहे. आणि ज्याचे घर दूर आहे त्याला आपल्या अंगणातल्या पणतीजवळ बसवून घेणे कोणाला जड जाऊ नये.